उलट्या फेऱ्यांचा महाराज

ईट गावच्या देवळामागं घातलेल्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर काचेची मोठी बरणी, बरणीत मधोमध काचेचा नळा आणि दोन्हींच्या मधल्या फटीत नितळ 'अमृत'. बरणीमागं डॉ. कालचक्रानंद महाराज. फ्लेक्सवर 'डॉ.' हे नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं.

महाराजांनी सुईनं अमृतात तांबडा थेंब सोडला.

"हा तुमच्या रक्तातला रोग!"

मग दांडा धरून आतला नळा सावकाश फिरवला. थेंब लांबला, फिकट झाला, दिसेनासा झाला.

"मिसळला? डॉक्टर म्हणतो, मिसळलेलं निघत नाही. अरे, निघत कसं नाही? काळ उलटा फिरव की!"

डोळे मिटून, पुटपुटत त्यांनी नळा उलटा फिरवला. जेवढे वेढे सुलटे, तेवढेच उलटे. फिकट लाली गोळा होत गेली आणि थेंब होता तिथं, होता तसा उभा राहिला. मांडवात एकच गजर झाला.

मागं खांबाला टेकलेल्या महारुद्रला थुंकावंसं वाटलं. पुढच्या रांगेत त्याची थोरली बहीण मथुराबाई हात जोडून बसली होती. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, ती जगत होती डायलिसिसवर. उन्हाळ्यात महारुद्रची बायको उमाबाई गेली. तेव्हापासून 'जेवलास का' म्हणून विचारणारी ही एकच बहीण उरली होती. आणि ती आज मंचावर चढून डायलिसिस सोडायची शपथ घेणार होती. धाराशिवच्या दवाखान्यात आजच तिची पाळी होती. जीप बाहेर उभी होती, पण आक्का हलत नव्हती.

"सुयांनी हाताची चाळण झालीय रं," ती सकाळी म्हणाली होती. "महाराज उलटं फिरवून रगत निवळत्यात. म्या डोळ्यानं बघितलंय."

फिरवायचं म्हणजे काय, तर हापिसातल्या चाकाच्या खुर्चीवर भगवं फडकं टाकलेलं. रोग्याला तिच्यावर बसवून चेले गरागरा उलटं फिरवत. काहींना भोवळ येई. महाराज म्हणत, रोग बाहेर पडतोय.

महारुद्रनं चार दिवसांपूर्वीच्या खेळातला बरणीचा व्हिडिओ मुलीला पाठवला होता. मुलगी शिवांजली विद्यापीठात गणित शिकवते. पातळ-घट्ट पदार्थ कसे वाहतात, याची समीकरणं मांडणं हे तिचं संशोधन. गावात हा चेष्टेचा विषय होता. अलीकडं तिला जास्त ओढ होती ती पीएचडीची मुलं घडवण्याची. तिचा दंडकच होता : आपलं म्हणणं कशानं खोटं ठरेल, हे ज्याला सांगता येत नाही, त्याला पदवी नाही.

व्हिडिओ बघून ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "आप्पा, मी येते. पेढेवाल्याकडून लिक्विड ग्लुकोज, म्हणजे तो घट्ट पाक, आणून ठेवा."

"कुणाला शंका?" महाराजांनी ऐटीत विचारलं.

"मला," म्हणत शिवांजली पिशवी घेऊन मंचावर चढली. चेले आडवे आले, तशी मथुराबाई ओरडली, "ए, भाची हाय माझी! येऊ दे तिला."

"महाराज, तुम्हीही डॉक्टरच. प्रबंध कशावर होता?"

"कालचक्रावर."

"मार्गदर्शक कोण?"

"साक्षात हिमालय!"

"हिमालयानं वाचला का प्रबंध?"

मागची पोरं फिदीफिदी हसली.

"आता एकच प्रश्न. काय झालं तर तुमचा चमत्कार खोटा, असं म्हणायचं?"

"माझा चमत्कार खोटा ठरतच नाही, पोरी."

"मग हेच पाण्यात करून दाखवा. रक्त पाण्याच्या जवळ आहे, तुमच्या या घट्ट पाकाच्या नाही."

महाराजांनी आपली बरणी जवळ ओढली. "पाण्यात देवता नसते," ते म्हणाले.

"अहो, मग आमी आंघुळीला गंगाऽऽ म्हणून कशाला वरडतो?" कुणीतरी विचारलं.

शिवांजलीनं पिशवीतून दोन बरण्या काढल्या. एकीत ग्लुकोज, एकीत पाणी, दोन्हींत मधोमध एकेक काचेचा ग्लास. जिलेबीचा रंग थोड्या ग्लुकोजमध्ये कालवून तिनं पहिल्या बरणीत थेंब सोडला.

"आत्या, वर या. तुम्ही फिरवा. मंत्र म्हणू नका. हवं तर शिवी द्या."

"मुडद्या, मुडद्या," म्हणत मथुराबाईनं ग्लास हळूहळू फिरवला. थेंब गेला. "मुडद्या, मुडद्या," म्हणत तिनं तो उलटा फिरवला. थेंब परत आला.

दुसऱ्या बरणीत पाण्यात रंग सोडला. ग्लास फिरवताच पाणी गढुळलं आणि उलटं फिरवून फिरवून मथुराबाईचा हात दुखला, तरी थेंब काही परतला नाही.

"घट्ट पाक हळू फिरवला की मिसळतच नाही," शिवांजली म्हणाली. "त्याचे थर एकमेकांवरून सरकतात. थेंब ताणून पापुद्र्यासारखा होतो, म्हणून दिसत नाही. उलटं फिरवलं की थर आले त्या वाटेनं मागं जातात. यात ना काळ उलटा फिरतो, ना देव लागतो. पाण्यात भोवरे होतात, तिथं वाट मोडते. आणि आत्या, रक्तातली घाण थेंबासारखी एका जागी नसते, ती विरघळलेली असते. ती गाळूनच काढावी लागते. डायलिसिसचं यंत्र तेच करतं."

"नास्तिक! रोग दुप्पट होऊन येईल!" महाराज किंचाळले. तरी फिरत्या खुर्चीसाठी लागलेल्या रांगेतून दोघं-तिघं हलले नाहीत. गरगरायची हौस असते एकेकाला.

मथुराबाईनं त्या गढूळ पाण्यात बोट बुडवून बघितलं. "म्हंजी ह्यो माझ्या जिवाशी खेळत हुता?"

"व्हय, आक्का," मंचापाशी येऊन महारुद्र म्हणाला.

चमत्कार दाखवणारा भेटला तर भांडू नका, त्याला मारूही नका. हे खोटं कधी ठरेल, एवढंच विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. गेलेलं माणूस कसल्याही उलट्या फेऱ्यांनी परत येत नाही. जे आहे, त्याला वेळेवर दवाखान्यात न्या.

मथुराबाई पदर खोचत मंचावरून उतरली. मंचाकडं वळूनही न बघता ती जीपमध्ये चढली आणि भावावर खेकसली, "बघत काय उभा ऱ्हायलास? गाडी काढ. पाळी चुकंल माझी."