टारफुल्याची झोप

मला राग लवकर येतो, हे अकोल्याच्या शेती संशोधन केंद्रात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे १९५९च्या भादव्यात मोतीरामचं वावर पाहून मी जे बोललो, त्याचं सोबतच्यांना नवल वाटलं नाही.

जवारी गुडघ्याएवढी, करपलेली. तिच्या बुडाशी जिकडेतिकडे टारफुल्याची बारकी पांढरी फुलं. हे तण जवारीच्या मुळाला चिकटतं आणि तिचाच रस पिऊन वाढतं.

"निंदणाचा एवढा कंटाळा, तर शेती करता कशाला?" मी म्हणालो.

मोतीरामची बायको मैना पदर खोचून पुढे आली. "हात पाहा माहे, सायेब." तळव्यांना भेगा पडल्या होत्या. "एक फूल ठेवत नाई आमी. उपटतो अन् म्हशीले टाकतो. तरी पुढच्या साली दुप्पट येते!"

"आणि म्हशीचं शेण?"

"वावरातच टाकतो. घरचं खत हाये, वाया काहून घालवाव?"

इतकं नेटकं काम, आणि त्यानंच घात केला असावा. मी गुपचूप त्यांच्या उकिरड्यातलं पसाभर शेण मागून घेतलं.

मोतीराम मला गाडीरस्त्यापर्यंत पोचवायला आला. वाटेत त्यानं विचारलं, "सायेब, आमी देव नदीत सोडले, तवापासून वावर असं झालं. शेजारचे खुशालराव म्हंतात, कोप हाये. घरच्यायले नागपूरले दीक्षेले मीच घेऊन गेलतो. सुगी झाली का वावर इकतो अन् बडनेऱ्याले रेल्वेच्या कामावर जातो. पन खरं सांगा, माह्याच्यानं झालं काय हे?"

माझे वडील अमरावतीला पुराण सांगत. घरचे देव रोज न्हायचे, माखायचे. या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता. मी म्हणालो, "तीन आठवड्यांनी दोघंही केंद्रावर या. तोवर वावर विकू नका."

ते आले तेव्हा मी व्हरांड्यात टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून ठेवला होता. आधी त्यांच्याच म्हशीचं शेण दाखवलं, फडक्यातून धुऊन गाळलेलं. त्यात टारफुल्याचं बी होतं, धुळीहून बारीक, म्हशीच्या पोटातून धडधाकट बाहेर पडलेलं. एका झाडाला असं हजारो बी येतं आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं.

मैनानं तोंडावर हात ठेवला. "म्हंजे आमीच पेरून राहिलो होतो?"

मग तीन काचेच्या ताटल्या. तिन्हींत ओल्या कागदावर तेच बी. पहिलीत दुसरं काही नव्हतं. बी निजलेलं. दुसरीत जवारीचं कोवळं मूळ होतं. तिथं बी फुटलं होतं आणि त्याचा केसाहून बारीक कोंब मुळाला जाऊन चिकटला होता.

"पाणी तं दोनीकडं सारखंच," मोतीराम म्हणाला.

"सारखंच. पण मुळातून काहीतरी झिरपतं. ते पोचलं की बी जागं होतं. नाही पोचलं तर वीस वर्षंही झोपून राहील."

"काय झिरपते?"

"माहीत नाही. जगात अजून कुणालाच माहीत नाही."

हे सांगताना माझ्या अंगावर काटा आला. शंभरदा पाहिलं होतं, तरी आला.

तिसऱ्या ताटलीत पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, मूळ होतं. तिथंही बी जागं झालं होतं, कोंब निघाले होते. पण पऱ्हाटीचा रस त्यांना पिता येत नाही. सगळे कोंब उपाशी वाळून गेले होते.

मोतीराम वाकला तो कितीतरी वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "इतक्याशा धुळीले एवढं समजते!"

मैनानं मात्र लगेच हिशेब केला. "तीन सालं जवारी पेराची नाई. पऱ्हाटी पेराची. म्हशीले हे गवत टाकाचं नाई, फूल याच्या आधी उपटून जाळाचं. भाकरीची जवारी इकत घेऊ. वावर इकाचं नाई."

बडनेऱ्याला कुणी गेलं नाही.

चौथ्या वर्षी त्या वावरात जवारी माणसाच्या डोक्यावर गेली. मी सगळं वावर पालथं घातलं. टारफुल्याची झाडं सापडली अकरा. खुशालराव धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभे होते. त्यांच्या वावरात पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. खाली मान घालून ते म्हणाले, "मोतीराम, काय केलं तं सांगशीन काय?"

मैना फटकन म्हणाली, "तुमी तं देव सोडले नाई, मंग तुमच्या वावरात काहून आलं?"

मला मनातून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. पण मोतीरामनं तिला हातानं थांबवलं आणि तो धुऱ्यावर खुशालरावांच्या शेजारी जाऊन बसला.

"भाऊ, त्या बियाले कोनाचा धरम माईत नसते. त्याले जवारीचं मूळ माईत असते. उद्या संग चला अकोल्याले. मी सांगून तुमचा इस्वास बसनार नाई, माहाई बसला नोता. सोता पाहा."