चारशे बारा नंबरचा कांदा

रंगाच्या दुकानात त्यांना सगळे शेडमास्तर म्हणत. गिऱ्हाइकानं जुन्या भिंतीचा नखाएवढा पोपडा आणून काउंटरवर ठेवला, की शेडमास्तर तो दाराशी उजेडात धरायचे, एक डोळा बारीक करायचे आणि पांढऱ्या डब्यात चार रंगांचे थेंब सोडून हुबेहूब तोच रंग काढून द्यायचे. दुकानात रंग मिसळायचं मशीन आलं होतं, पण अवघड गिऱ्हाईक आलं की मालक मशीनकडे न बघता यांच्याकडे बघायचे. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. मास्तरांची एकच खोड होती. जगातली कुठलीही वस्तू बघितली की त्यांना आधी तिच्या रंगाचा नंबर आठवायचा.

त्यांच्या घरात त्या सोमवारी एक टॉवेल जळाला आणि तिथून सगळं बिनसलं.

टॉवेल जाळला सासूबाईंनी. सासूबाई गेली दहा वर्षं लेकीकडे राहत होत्या आणि संध्याकाळचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. तो त्यांनी कुणाकडून मागून घेतला नव्हता, आल्या दिवशीच पदर खोचून ताब्यात घेतला होता. पण दोन वर्षांपासून डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं दुखणं लागलं. समोरचं धूसर, कडेकडेचं तेवढं दिसे, आणि रंग तर सगळे एकच झाले होते. हे ऑपरेशननं सुटणारं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. महिन्याभरात त्यांचा कांदा तीनदा करपला. चौथ्यांदा कांदा वाचला, पण शेगडीजवळचा टॉवेल पेटला.

बायको पोस्टाच्या काउंटरवरून साडेसातला घरी आली, तेव्हा सिंकमध्ये जळक्या टॉवेलचा काळा चिखल पडला होता. घाबरलेलं माणूस ओरडतं, तशी ती ओरडली. "आई, आजपासून शेगडीला हात लावायचा नाही. संपलं!"

सासूबाईंनी गावाबाहेरच्या वृद्धनिवासातल्या आपल्या मैत्रिणीला फोन लावला. ही मैत्रीण दोन वर्षं त्यांना 'ये, ये' म्हणत होती. मग भाच्याला फोन लावला. तो टॅक्सी चालवायचा. रविवारी बारा वाजता त्यानं न्यायला यायचं ठरलं. मग त्यांनी पलंगाखालची पिशवी ओढली आणि भरून दाराशी ठेवली.

"अहो, पण झालंय काय एवढं?" शेडमास्तर म्हणाले.

"काही नाही झालं, जावईबापू. तिथं जेवण वेळेवर मिळतं. इथं नुसतं बसून खायचं म्हणजे खायला काळ अन् भुईला भार. ते मला जमायचं नाही."

मायलेकींचं बोलणं बंद झालं. दोघीही निरोप मास्तरांच्या मार्फत पाठवू लागल्या. "टॉवेल जळाला, पण पीळ गेला नाही म्हणावं," असं बायको आतल्या खोलीतून मोठ्यानं म्हणे, आणि सासूबाई बाहेरच्या खोलीतून, "पीळ कुणाकडून आलाय तेही विचारा," असं म्हणत. निरोप्याला काही काम उरत नसे.

मास्तरांच्या मात्र हे मनाला लागलं होतं. सासूबाई जाऊ नयेत असं त्यांना अगदी आतून वाटत होतं. दिवसभर कोरड्या तोंडानं रंग ढवळायचे, सहा वाजता शटर ओढायचं, चार चौक चालत यायचं, दार उघडायचं, की समोर पातेलं. त्यात बहुतेक वेळा एकच पदार्थ असे. मसूर, कांदा, लसूण, एक गाजर, एक बटाटा, वरून मिरी आणि लिंबू. सोबत तव्यावर भाजलेला पाव. त्याला घरात नाव नव्हतं. "आज काय आहे?" "साधं." झालं. पण त्या साध्याचा एक घोट पोटात गेला, की दिवसभराची सगळी कटकटी गिऱ्हाइकं माफ होत.

मंगळवारी कोपऱ्यावरून डबा आणला. त्यातल्या बटाट्याच्या भाजीचा रंग ओल धरलेल्या भिंतीसारखा होता, आणि चवही फार वेगळी नव्हती. बायकोनं चार घास खाल्ले. सासूबाईंनी दोन खाल्ले आणि "छान आहे" म्हटलं. त्यांनी ते इतक्या सभ्यपणे म्हटलं, की मास्तरांनी ताटातून मान वर करून पाहिलं. पाहुणी असल्यासारखं बोलायला लागल्या होत्या.

बुधवारी ते घरी आले आणि बाह्या सरसावून म्हणाले, "साधं मी करणार. तुम्ही खुर्चीत बसून सांगा. शेगडीला हात लावू नका असं ती म्हणालीये, तोंड चालवू नका असं नाही म्हणालेली."

सासूबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली गेली. पहिली अडचण उलथण्याची आली. लाकडी उलथणं जागेवर नव्हतं.

"ते माझं आहे. मी भरलंय," खुर्चीतून उत्तर आलं.

मास्तर आपल्या कामाच्या पिशवीतून, दुकानातून आणलेली एक नवी कोरी, चपटी लाकडी काठी घेऊन आले आणि धुऊन कढईत घातली. अशा काठ्यांनी ते डब्यातला रंग ढवळत.

"कांदा लालसर होऊ द्या," सासूबाई म्हणाल्या.

"कुठला लालसर? विटकरी, गेरूसारखा, की तांब्याकडे झुकणारा?"

"अहो, कांद्यासारखा लालसर!"

"असा नंबर नाही आमच्यात."

मास्तरांनी खिशातून शेडकार्ड काढलं. नंबर घातलेल्या रंगीत पट्ट्यांचा तो पंखा त्यांनी कढईशेजारी धरला आणि कांदा एकेक पट्टी ओलांडत चालला, तसे ते मोठ्यानं नंबर सांगू लागले. चारशे तीन. चारशे पाच. चारशे सात. कांद्याची अशी हजेरी घेणारा माणूस त्या गल्लीत तरी दुसरा नसावा. कांदा झाला, लसूण पडला, मास्तर कार्ड निरखत राहिले, आणि अचानक सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"लसूण जळतोय!"

"कुठं? रंग तर ठीक आहे."

"खालून जळतोय! वास नाही येत? अख्खं घर भरलंय!"

मास्तरांनी ढवळलं. वरचा लसूण सोनेरी होता, खालचा कोळसा झाला होता. ते कढईकडे बघत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "नाही येत."

"काय नाही येत?"

"वास. बारा वर्षं झाली असतील. टर्पेंटाइननं नाक गेलं. खारट, आंबट, तिखट जिभेला कळतं. वासाचं म्हणाल तर भिंत आणि मी सारखेच."

सासूबाई सावकाश खाली बसल्या. "आणि मग रोज दारातून 'काय घमघमाट सुटलाय' म्हणून ओरडता ते?"

"ते... पातेल्याकडे बघून."

सासूबाई अशा हसल्या, की त्यांना खोकला लागला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "दहा वर्षं मला बनवलंत! आणि माझ्या लेकीला?"

"तिला माहीत आहे. तुम्हाला सांगू नको म्हणून मीच म्हटलं होतं. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी कोण मनापासून रांधेल, असं वाटायचं."

"वेडे आहात," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "ती कढई उपडी करा आणि नवा कांदा घ्या. चिरा बारीक. डोळे तुमचे, नाक माझं. बघू काय होतं ते."

त्या रात्रीचं साधं बरं झालं. गुरुवारचं आणखी बरं. सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. अख्ख्या शहराचे नंबर ज्या बाईच्या डोक्यात मावले होते, तिला शेडकार्ड म्हणजे किस झाड की पत्ती! शुक्रवारी त्यांनी खुर्चीतूनच फर्मावलं, "चारशे सातला लसूण घाला. चारशे बाराला कांदा थांबवा. पुढं गेलात तर कडू होईल." आणि मास्तर चारशे बाराला थांबले. मसूर उकळायला लागला, की त्या कान देऊन ऐकत आणि म्हणत, "आता घट्ट होतंय, पाणी घाला." वाफेवरून त्यांना बटाटा शिजल्याचं कळे. बायको दमून घरी आली, वाटी तोंडाला लावली आणि थांबली. तिनं नवऱ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि दुसरी वाटी घेतली. निरोप मात्र अजून मास्तरांच्याच मार्फत चालले होते. आणि पिशवी अजून दाराशीच होती.

मास्तरांनी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. शुक्रवारी ते "रविवारी..." एवढंच म्हणाले, आणि सासूबाईंनी "रविवारी बारा वाजता," असं वाक्य पुरं करून टाकलं. शनिवारी त्यांनी बायकोला म्हटलं, "तू एकदा बोल ना." ती इस्त्री करत होती. तिनं एकाच उशीच्या खोळीवर पाच वेळा इस्त्री फिरवली. "मी काय बोलू? शेगडी लाव म्हणू? तो टॉवेल तिच्या हाताजवळ होता रे. हाताजवळ." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवार उजाडला. सकाळी अकरालाच सासूबाई चांगली साडी नेसून खुर्चीत येऊन बसल्या. "शेवटचं एकदा करू," त्या म्हणाल्या. "मी निघायच्या आत व्हायला हवं. भाचा वेळेचा पक्का आहे."

मास्तरांनी कांदे घेतले. एरवी दोन घेत, आज चार घेतले, तेही इतके बारीक चिरले, की अर्धा तास त्यातच गेला. तेल तापलं, कांदा पडला. मास्तर काठीनं ढवळू लागले. पावणेबाराला सासूबाईंनी विचारलं, "कुठवर आला?"

"चारशे तीन."

पाच मिनिटांनी त्यांनी परत विचारलं.

"चारशे तीनच. जास्त कांदा आहे ना."

खाली हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. बायको आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. कुणीच जागचं हललं नाही. कढईतून फार बारीक आवाज येत होता. सासूबाईंनी मान तिरपी केली. एक्स्चेंजमध्ये दूरच्या लायनीवरचा आवाज पकडायला करत असतील, अगदी तशी.

"जावईबापू."

"हं."

"आच बारीक केलीये तुम्ही."

मास्तर काठी फिरवत राहिले.

"एवढ्या कांद्याचा आवाज असा नसतो. कधी केलीत?"

"कांदा घातल्या घातल्या."

"आणि कांदे चार कशाला घेतलेत? आपण तीन माणसं."

शेडमास्तरांनी ढवळणं थांबवलं. सव्वीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला कधी खोटा नंबर सांगितला नव्हता. आज पहिल्यांदा सांगितला, आणि तोही जिला धड दिसत नाही अशा बाईला. त्यांचे कान लाल झाले. कुठल्या नंबरचे लाल, ते त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं.

"तुम्ही जाऊ नये म्हणून," ते म्हणाले. "कांदा झाला की साधं होणार, साधं झालं की तुम्ही उठणार. म्हणून होऊच देत नव्हतो. आता ऐकायचंच असेल तर ऐका. मला एकट्याला हे जमत नाही. मला नाक नाही. उद्या घर जळलं तरी मी शेडकार्ड घेऊन उभा असेन. आणि जमलं असतं, तरी तुम्ही जाऊ नये असंच म्हटलं असतं."

खाली तिसरा हॉर्न वाजला.

"आई," बायको दारातून म्हणाली. आठवड्यात पहिल्यांदाच ती थेट आईशी बोलत होती. "मी घाबरले होते गं. मला तुझा स्वयंपाक नकोसा झाला नव्हता. मला तू हवी होतीस."

सासूबाई कितीतरी वेळ मांडीवरची साडीची घडी नीट करत राहिल्या. मग त्यांनी नाक ओढलं. ते रडण्याचं होतं की वास घेण्याचं, हे दोघांनाही कळलं नाही.

"आधी आच वाढवा," त्या म्हणाल्या. "असा कांदा वाफेत गिळगिळीत होतो. आणि तू, अशी उभी काय राहिलीस? खिडकीतून त्या पोराला हाक मार. भर दुपारी हॉर्न काय वाजवतोय! म्हणावं, वर ये, पाव भाज आणि जेवून जा."

बायको खिडकीकडे पळाली. मास्तरांनी आच वाढवली. कांदा चरचरायला लागला आणि त्यांनी घाईनं कार्ड उघडलं.

"चारशे पाच," ते म्हणाले. यावेळी खरं सांगितलं. मग धीर करून विचारलं, "तो जेवून जाईल. आणि तुम्ही?"

सासूबाईंनी हात हवेत झटकला. "ती काठी आधी कढईतून काढा बघू. आठवडाभर जीव नुसता कासावीस झालाय माझा. रंग ढवळायची काठी म्हणे! दाराशी पिशवी आहे ना, तिच्यात वरच आहे उलथणं. आणा इकडे."