माझे पाणी गोड लागायचे

मी एक जुनी हापशी आहे. कळंब तालुक्यातल्या एका कापसाच्या गावात, मैनाबाईच्या अंगणाला लागून मी उभी आहे. मित्रांनो, आपली गोष्ट सांगताना सगळेच कौतुकापासून सुरुवात करतात. मीही तशीच करते, कारण माझे कौतुक खरोखरच झाले होते. आता मात्र ते आठवले की मान खाली घालावीशी वाटते.

माझ्यासाठी जमिनीला भोक पाडायला ऐन उन्हाळ्यात मोठी गाडी आली. आधी काळी माती निघाली, मग मुरूम, मग काळा दगड. दिवसभर नुसता धुरळा उडत होता. शेवटी काळ्या दगडाखालचा पांढरट थर लागला आणि पाण्याचा फवारा उसळला. मैनाबाई तेव्हा नवीनच लग्न होऊन आली होती. तिने पळत जाऊन हळदकुंकू आणले, माझ्यापुढे नारळ फोडला आणि म्हणाली, "आता नाल्यावर जाचं काम नाही!"

माझे पाणी गोड लागायचे. तुरीची डाळ त्यात लवकर शिजायची. पाहुण्यांना बाया मुद्दाम सांगायच्या, "आमच्या हापशीचं पाणी पिऊन पाहा."

माझ्याकडे दर उन्हाळ्यात यवतमाळहून नंदकिशोर साहेब यायचे. ते सरकारी खात्यात भूजलतज्ज्ञ होते. माझा दांडा हलवून ते एक बाटली भरत, तिला चिठ्ठी लावत आणि मैनाबाईकडचा चहा पिऊन जीपने निघून जात. जमलेल्या पोरांना ते एकदा म्हणाले होते, "देशभरातल्या खडकांची, नद्यांची, विहिरींची माहिती एका ठिकाणी जमा होते. तुमच्या हापशीलाही तिथे नंबर आहे. देशाच्या नकाशावर हिचा एक ठिपका आहे बरं!" तेव्हा मी किती फुगले होते, काय सांगू! गावातल्या कोणत्याच विहिरीला तो मान नव्हता.

मग कापसाची वाईट वर्षे आली. पाऊस ओढ देऊ लागला, बोंडे भरेनात. विहिरी होळीच्या आधीच तळ दाखवू लागल्या. सगळे गाव माझ्यावर आले. पहाटेपासून गुंडांची, म्हणजे पाण्याच्या हंड्यांची, रांग लागे. "हापशीनं गाव जगवलं," असे लोक म्हणत आणि मी आणखी जोमाने पाणी देत असे.

त्याच वर्षांत मैनाबाईच्या निकिताचे दुधाचे दात पडून नवे दात आले. त्यांच्यावर आधी खडूसारखे पांढरे डाग दिसले. पुढे ते पिवळे झाले, मग तपकिरी. शाळेत तिला पोरे चिडवू लागली. चिडवणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचे दात तसेच होऊ लागले होते, पण निकिताचे सगळ्यांत आधी झाले होते. ती बोलताना तोंडावर हात धरू लागली.

मैनाबाईला वाटले, पोरगी दात घासायचा कंटाळा करते. ती तिला माझ्या ओट्यावर बसवून राखुंडीने घासायला लावायची. हिरड्यांतून रक्त आले तरी सोडायची नाही. "माय, मी रोज घासून राह्यली वं," निकिता रडत सांगायची. "खोटं बोलतं?" म्हणून तिला वरून चापट बसायची. मित्रांनो, त्या रक्ताच्या गुळण्या ती माझ्याच पाण्याने करायची. दांडा मायलेकींच्याच हातात असे. मला पाणी थांबवता येत नव्हते.

एका उन्हाळ्यात नंदकिशोर साहेब बाटली भरत असताना निकिता गुंड घेऊन आली.

"काय गं, तोंडावर हात कशाला?" त्यांनी हसत विचारले.

"लाजते जी," मैनाबाई चहा देत म्हणाली. "दात पाहा ना कसे करून ठेवले तिनं. घासतच नाही."

निकिताने हात खाली घेतला. साहेबांचे हसू मावळले. त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या मुलांनाही तोंड उघडायला सांगितले. मग चहा तसाच ठेवून ते निघून गेले.

पुढच्या रविवारी ते परत आले, ते एस.टी.ने, एकटेच. हातात लाल रंगाचा डबा होता. त्यांनी माझ्याजवळ गावाला गोळा केले.

"या पाण्यात फ्लोराइड आहे. खालच्या खडकातून येतं. चवीला कळत नाही, उकळून जात नाही. मुलांचे दात त्यानेच बिघडलेत. असंच पीत राहिलात तर पुढे हाडंही बिघडतात. माझ्या बाटल्यांमधून हे दर वर्षी कळत होतं. मी ते वाचायचो आणि वर पाठवायचो. देशाच्या संग्रहात ते अगदी बरोबर नोंदलेलं आहे. फक्त तुम्हाला सांगितलं नाही. वाटायचं, कोणीतरी सांगेल."

शेतकरी किसनराव पुढे आले. "सायेब, दर साली इथं चहा पेत होते ना तुमी? तवा काहून नाही सांगतलं?"

"माझा वर्षातून एक कप होता, किसनराव," साहेब खाली बघत म्हणाले. "तुमचं रोजचं होतं. मी तेवढाही विचार केला नाही."

मैनाबाईने हळूच विचारले, "म्हंजे हिनं कितीबी घासलं असतं, तरी ते डाग गेले नसते?"

"नसते गेले."

ती माझ्या ओट्यावर मटकन बसली. निकिताने तिच्या खांद्याला हात लावला. "माय, तुले कुठं मालूम होतं?"

"तू सांगत होती ना मले," मैनाबाई रडत म्हणाली. "रोज सांगत होती."

त्या दिवशी साहेबांनी मला स्वतःच्या हाताने लाल रंग दिला. लाल हापशीचे पाणी प्यायचे नाही, अशी ती खूण. मला वाटत होते, हा रंग त्यांनी मला काही वर्षे आधी दिला असता तर!

नंतर त्यांनी नाल्याकाठच्या जुन्या विहिरीचे पाणी तपासायला नेले. ते चांगले निघाले. निकाल वर पाठवण्याआधी त्यांनी तो चावडीवर मोठ्याने वाचला. विहीर गाळाने भरली होती. गाळ काढायला सगळ्यांत आधी किसनराव उतरले. त्यांच्यामागे साहेबही फावडे घेऊन उतरले. त्यांच्या हातांना फोड आले. कोणी त्यांची कीव केली नाही, पण निघून जा असेही कोणी म्हटले नाही.

निकिताचे डाग गेले नाहीत, ते जाणारही नाहीत. विहिरीचे पाणी सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांना मात्र पांढरे दात आले. माझ्यावर आता फक्त कपडे आणि भांडी धुतात.

परवा भर दुपारी एक अनोळखी मेंढपाळ आला. तहानेने व्याकूळ होऊन त्याने माझा दांडा धरला. मला ओरडता येत नाही.

"थांब गा भाऊ! ते पाणी नोको पिऊ!" मैनाबाई घरातून धावत आली. तिने त्याला आपल्या माठातले पाणी दिले. तो तांब्याभर प्याला आणि म्हणाला, "एवढी चांगली हापशी दिसते, मंग लाल काहून केली?"

मैनाबाई तिथेच बसली आणि त्याला पहिल्यापासून सांगू लागली. आपण मुलीला मारले, तेही तिने लपवले नाही.

मित्रांनो, तुमच्या गावातून कोणी पाणी, माती, दगड तपासायला नेले तर खुशाल नेऊ द्या. पण काय निघाले ते विचारल्याशिवाय राहू नका. आणि मोठेपणी तुम्हीच बाटली भरायला गेलात, तर निकाल आधी त्या घरी जाऊन सांगा, जिथले पाणी तुम्ही नेले.