नायट्रोजन भरला का?

बेळगुंदीच्या जनावरांच्या दवाखान्यात खरा डॉक्टर महिन्यातून दोनदा उगवायचा. बाकीचे दिवस गावाचा डॉक्टर म्हणजे भीमसेन. हुद्द्यानं तो कंपाउंडर, पण गाय माजावर आली की हुद्दा कोण बघत बसतंय? सायकलच्या कॅरियरला नायट्रोजनचा कॅन बांधून तो निघायचा. कॅन दिसायचा दुधाच्या किटलीसारखा, त्यामुळं नवखी माणसं त्याला थांबवून अर्धा लिटर दूध मागायची.

त्या कॅनात लांबच्या वळूंचं बीज असायचं, पेनातल्या रिफिलीएवढ्या कांड्यांत गोठवलेलं. लोकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. सुलाबाई तर तोंडावर म्हणायची की, बर्फातला वळू कसला वासरू देतोय. भीमसेनचं उत्तर ठरलेलं असे, "बी थंडीत मरत न्हाय आक्का, झोपतंय. उठवलं की कामाला लागतंय." पुढं तिच्या गायीला ठसठशीत कालवड झाली, तेव्हा त्यानं हळूच सांगितलं की हिचा बाप चार वर्षांपूर्वीच मेलाय. सुलाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खरवस घेऊन दवाखान्यात आली.

अशा या भीमसेनला चौऱ्याऐंशी सालच्या जानेवारीत स्वतःच्या एका अंडात गाठ लागली. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आहे. इथं तर दुखणंही त्याचंच आणि गावचा डॉक्टरही तोच. सगळ्या पंचक्रोशीच्या बैलांना तपासणारा हा बाप्या दोन महिने स्वतःची गाठ लपवून हिंडला. त्यात मच्छे गावच्या शाळेत शिकवणाऱ्या सुनंदाबाईंशी साखरपुडा झालेला, मे महिन्यात लग्न. शेवटी दुखायला लागलं तेव्हा त्यानं मिरजेची एसटी धरली.

मिरजेचे डॉक्टर सरळ बोलणारे निघाले. गाठ वाईट आहे, पण वेळेत आलात, म्हणाले. एक अंड काढायचं, मग पोटाला तीन आठवडे लाईट, म्हणजे किरणांचा शेक, द्यायची. जिवाला फारशी भीती नाही. भीमसेननं एवढं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, मला पोरं व्हतील का?"

त्याला बाप व्हायचं होतं. उगीच लोक होतात म्हणून नव्हे. त्याचा स्वतःचा बाप तो रांगत असतानाच गेला होता, आणि बाप असणं म्हणजे काय ते त्याला निदान दुसऱ्या बाजूनं तरी बघायचं होतं.

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. दुसरं अंड शाबूत आहे, लाईट देताना त्यावर शिशाचं झाकण ठेवू. मग दोन वर्षं मुलाचा विचार करायचा नाही. बहुतेकांचं पूर्ववत होतं, काहींचं नाही होत, लिहून कुणी देणार नाही. आणखी एक वाट होती. मुंबईत एक डॉक्टर माणसाचं बीज गोठवून ठेवतात. ते करायचं तर ऑपरेशनच्या आधी, आठ दिवसांत. त्याचीही हमी नाही, पण गाठीला काही असलेलं बरं.

भीमसेनचा चेहरा उजळला. त्या दवाखान्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या भाषेत बोलत होतं. किती डिग्रीला ठेवतात, ते डॉक्टरांना नेमकं आठवेना. ते त्यानंच सांगितलं, उणे एकशे शहाण्णव. आणि त्या भरात तो म्हणाला, "मग मुंबई कशाला साहेब? माझ्याकडं कॅन हाय की." कुठल्या खणात जागा रिकामी आहे तेही त्यानं मनाशी ठरवलं होतं.

डॉक्टर चष्मा काढून हसले. माणसाच्या बीजात गोठवताना मिसळायचा मसाला वेगळा असतो, ते त्यांनी समजावलं. मग म्हणाले, उद्या तुमच्या जागी बदली माणूस आला आणि बेळगुंदीतल्या कुणाच्या गायीला भलतीच कांडी दिली तर? भीमसेन कानापर्यंत लाल झाला. पण चार दिवसांनी मुंबईला जाऊन आला. तिथल्या गोष्टी सांगण्यात काही मजा नाही. सहा कांड्या ठेवल्या गेल्या, आणि जिथं एरवी वळूचं नाव वाचायची त्याला सवय होती, तिथं आपलं नाव वाचून त्याला कसंसंच झालं.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून त्याला शिकवणारी त्याची आई, यल्लव्वा. तिचं म्हणणं एकच, लग्न होईपर्यंत पोरीला काही सांगू नकोस. यावर मायलेकांचं वाजलं.

"आई, गाय इकत घेताना लोक मला इचारत्यात. गायीची खोड मी कधी लपवली न्हाय. आता माझीच लपवू व्हय?"

यल्लव्वाचं तोंड बारीक झालं, पण तिनं आडकाठी केली नाही.

शनिवारी सकाळची शाळा उरकून सुनंदा दवाखान्यात आली. सोबतीला आलेली धाकटी बहीण बाहेर सुलाबाईच्या कालवडीशी खेळत बसली. कालवडीला औषध पाजायला आलेली सुलाबाईही दाराशी रेंगाळली. भीमसेनला बोलायला सुरुवात सापडेना, म्हणून त्यानं कॅन उघडला. पांढरी वाफ वर आली. मग तो शेतकऱ्यांच्या मेळाव्यात बोलतो तसं सगळं बोलून गेला, गाठ, लाईट, शिशाचं झाकण, दोन वर्षं, सहा कांड्या. मध्येच "माजावर" असंही म्हणून गेला. सुनंदा हसली नाही. ती कॅनात वाकून बघत होती.

"यातला नायट्रोजन उडून जातो म्हणता. मग मुंबईत तो भरतं कोण?"

"तिथली माणसं."

"आणि विसरली तर?"

एका पावसाळ्यात नायट्रोजनची गाडी वेळेत आली नाही म्हणून याच दवाखान्यातल्या चाळीस कांड्यांचं पाणी झालं होतं. खोड लपवायची नाही म्हटल्यावर भीमसेननं तेही सांगून टाकलं. आता ही उठणार आणि मच्छ्याची वाट धरणार, असं त्याला वाटलं.

"मग महिन्याला एक कार्ड मी टाकत जाईन," ती म्हणाली. "नायट्रोजन भरला का म्हणून. तुम्ही आधी ऑपरेशन करून घ्या."

भीमसेनला रडू आलं. कॅनाचं झाकण लावायच्या निमित्तानं तो खाली वाकला. तेवढ्यात दारातून सुलाबाई म्हणाली, "झोपतंय डाक्टर, मरत न्हाय. तूच सांगतोस न्हवं?"

ऑपरेशन झालं, लाईट झाली. लग्न मेऐवजी नोव्हेंबरात झालं, बुद्धाच्या मूर्तीसमोर, पन्नास माणसांत. आणि सुनंदाबाईंचं कार्ड सुरू झालं. दर एक तारखेला, फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरांत: "नायट्रोजन भरला का? कृपया कळवावे." पहिले तीन महिने मुंबई ढिम्म. चौथ्या महिन्यात उलट कार्ड आलं: "भरला आहे. मारुतीराव." त्यानंतर दर महिन्याला तेच तीन शब्द. कार्डं उघडीच, पोस्टात सगळे वाचायचे. मास्तरणीनं नायट्रोजनचा धंदा काढलाय, अशी बेळगुंदीभर बातमी पसरली. त्या दोघांनी ती खोडून काढली नाही.

दोन वर्षं संपली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून होकाराची मान डोलावली आणि सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात भीमसेनला मुलगी झाली, शिशाच्या झाकणाच्या कृपेनं, मुंबईच्या कांडीला हात न लावता. यल्लव्वानं नातीला मांडीवर घेतलं ते तासभर कुणाला दिलं नाही. सुलाबाई टोपडं आणि खोबरं घेऊन आली, बाळाकडं निरखून बघत राहिली आणि विचारती झाली की, हे बर्फातलं का घरचं? घरचंच, असं भीमसेननं छाती काढून सांगितलं. घर हसण्यानं भरून गेलं.

त्याच आठवड्यात पोस्टमन कार्ड देऊन गेला. या वेळी तीन शब्द नव्हते.

"बाई, एक तारीख जाऊन बारा दिवस झाले. तुमचं कार्ड आलं नाही, म्हणून काळजी वाटली. नायट्रोजन भरला आहे. तुम्ही बऱ्या आहात ना? मारुतीराव."

भीमसेननं ते दोनदा वाचलं. कधी न बघितलेला माणूस, मुंबईत कुठल्या तरी खोलीत, जवळजवळ तीन वर्षं एका बाईच्या कार्डाची वाट बघत कॅन भरत होता. त्यानं कोरं कार्ड घेतलं आणि बाजेजवळ बसून, मुलगी झाल्याचं आधी लिहिलं. मग थांबला. आता त्या सहा कांड्यांचं काय लिहायचं ते त्याला कळेना. त्यानं सुनंदाकडं बघितलं. बाळ तिच्या कुशीत झोपलं होतं.

"भरत राहा म्हणून लिहा," ती म्हणाली. "आणि एक तारखेला माझं कार्ड येतंय म्हणावं."