सॉकेटच्या पलीकडे कोण?

बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणजे घर तिचं झालं होतं. किती वेळ, ते बाळालाच ठाऊक. तिनं लॅपटॉप उघडला, तोच फोन थरथरला.

"झोपलं का गं पाखरू?" ऑफिसातून तिचे सहकारी दादा कुजबुजत विचारत होते, जणू बाळ त्यांच्याच टेबलावर होतं. रक्ततपासणी केंद्राचा सर्व्हर ते दोघं मिळून सांभाळत. "पेशंटांना रिपोर्ट दिसेनात. वेबसर्व्हर रिपोर्टसेवेच्या दाराशी जातो नि हात हलवत परत येतो. साहेब म्हणतात, जेवायच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही तर सेलिनक्स बंद करून टाका."

सेलिनक्स म्हणजे सर्व्हरचा पहारेकरी. प्रत्येक प्रोग्रामचं लेबल बघून, कुणी कुणाशी बोलायचं ते तो ठरवी. त्यालाच घरी पाठवायचं, म्हणजे सगळ्यांच्या तब्येतीची कागदपत्रं उघड्यावर!

"रोगापेक्षा इलाज भयंकर, दादा."

"मला का सांगतेस? साहेबांना सांग. आणि गंमत ऐक, माझ्या टर्मिनलवरून सेवा झकास उत्तर देतेय!"

ती थबकली. दार एकच. मग दादांना आत घेतात नि वेबसर्व्हरला नाही, असं कसं?

एकाच यंत्रातले दोन प्रोग्राम ज्यातून बोलतात, ते दार म्हणजे लोकल सॉकेट. दाराची परवानगी दादांनी तपासली होतीच. पण दारामागे कोण बसलंय? तिनं रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊन टाइप केलं: ss -xaZ. सॉकेटांच्या ओळी सरसर उतरल्या. शेवटच्या मोठ्या झेडमुळे प्रत्येक प्रोग्रामसमोर त्याचं लेबलही आलं. वेबसर्व्हरला वेबसर्व्हरचं, डेटाबेसला डेटाबेसचं. रिपोर्टसेवेसमोर मात्र 'अनकन्फाइन्ड'. मोकाट!

"ही आपलीच सेवा ना? मग असा अवतार का?" ती पुटपुटली.

तेवढ्यात दार वाजलं. नवरा जेवायला आला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून तो लाडानं पाळण्यात वाकला. बाळानं डोळे उघडले आणि असा टाहो फोडला की पलीकडे दादाही दचकले.

"अरे, काढ ना ते डोक्यावरचं!"

त्यानं हेल्मेट काढलं. बाळ हुंदका अर्ध्यावर सोडून बघत राहिलं, मग बोळकं पसरून हसलं.

तीही बघत राहिली.

"दादा, सकाळी सेवा कशी चालू केलीत?"

"कशी म्हणजे? सेवा उठवणाऱ्या त्या सिस्टीमडीला कोण विचारत बसणार? टर्मिनलवरून हातानंच. पटकन व्हावी म्हणून."

"मग तुमचंच लेबल चिकटलं तिला! म्हणून तुमच्याशी बोलते. वेबसर्व्हरला त्या लेबलाशी बोलायची मुभाच नाही. बंद करा नि सिस्टीमडीकडून उठवा. तो तिला तिचं लेबल देईल."

पलीकडे कळा खडखडल्या.

बाळाला मांडीवर घेऊन तिनं तीच कमांड पुन्हा दिली. रिपोर्टसेवेसमोर आता तिचं स्वतःचं लेबल होतं, आणि खाली वेबसर्व्हरशी जुळलेली नवी ओळ.

"दिसला गं, रिपोर्ट दिसला! साहेबांना सांगतो, पहारेकरी राहू दे. आणि आमच्या आगाऊपणाचं...?"

"ते साहेबांनी विचारलं तर बघू."

फोन ठेवला. काम झालं होतं, लॅपटॉप मिटायला हरकत नव्हती. पण त्या यादीत अजून कितीतरी ओळी होत्या, नि ही कोण कुणाशी बोलतेय? ती पुढे वाकली. बाळही वाकलं, आणि मूठ थेट कीबोर्डवर.