मासे नकोत, धन्यवाद!

मी नांगर बोलतोय. शेतातला नव्हे हो, समुद्रातला! पंचवीस किलोचा, टोकदार, एके काळी चांगला चकचकीत. आता अंगावर शेवाळ चढलंय.

हार्वी आणि मार्गो या नवराबायकोनं नोकरीतून सुटल्यावर राहतं घर विकलं, 'लिंडी' नावाची शिडाची बोट घेतली आणि मला तिच्या नाकाशी बसवलं. त्यांचा सगळा संसार रात्रंदिवस माझ्या भरवशावर. अकरा वर्षं मी तो सांभाळला, खोटं नाही सांगत.

मग आम्ही कॅरिबियनमधल्या सॉल्टपॉन्डच्या खाडीत आलो. कुणीही भुलावं अशी खाडी! पूर्वेचा वारा डोंगर अडवतो, बोटीखालून कासवं जातात, किनाऱ्यावर ताजा पाव मिळतो. पण हाच डोंगर कधी कधी वाऱ्याचा असा झोत खाली सोडतो की विचारू नका. आणि तळाला दाट गवत. गवतात माझं टोक रुतत नाही, मला वाळू लागते. वाळू होती, पण जरा लांब. हार्वीला किनारा जवळ हवा होता.

तेवढ्यात एल्फर्ड नावाचा तिथला कोळी होडीत उभा राहून वल्हं हलवायला लागला.

"ओ कप्तान! तिथं नका टाकू! खाली गवत आहे! इकडं या, वाळूत!"

"आला बघ विकायला," हार्वी पुटपुटला आणि मोठ्यानं म्हणाला, "मासे नकोत, धन्यवाद!"

"अरे, ऐक तरी तो काय म्हणतोय," मार्गो म्हणाली.

"काही नाही गं. प्रत्येक बंदरात हेच. आधी सल्ला, मग टोपली पुढे."

मी गवतावर आडवा पडलो. एरवी हार्वी बुडी मारून मला बघून यायचा, त्याशिवाय त्याला जेवण जायचं नाही. त्या संध्याकाळी शेजारच्या बोटीवरून रम प्यायला बोलावणं आलं. "उद्या बघू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं किनाऱ्यावर जेवत असताना डोंगरावरून झोत आला. मी जीव खाऊन धरायला गेलो, हाती आला गवताचा झुबका. लिंडी मागे मागे खडकांकडे निघाली. एल्फर्ड एकटा वल्हवत आला, बोटीवर चढला, मला पकड मिळावी म्हणून माझी होती नव्हती ती साखळी त्यानं पाण्यात सोडली. पण उशीर झाला होता. लिंडीची कूस फाटल्याचा आवाज मी पाण्याखाली ऐकला.

मार्गो गुडघाभर पाण्यात उभी होती. "हार्वी, आता आपण राहायचं कुठं रे?"



खाडी सोडून जाताना हार्वीनं मला एल्फर्डला देऊन टाकलं. "तुझं ऐकायला हवं होतं."

"ऐकू तर आलं होतं ना, कप्तान?"

"आलं होतं," हार्वी मान खाली घालून म्हणाला.

आता मी एल्फर्डची होडी धरतो, वाळूत, घट्ट. पण लिंडीला धरू शकलो नाही, ही सल काही जात नाही. बाबांनो, खाडी देखणी असली तरी तिथल्या माणसाचं आधी ऐका.

आज सकाळी एक नवी बोट आली आणि गवताकडे वळली. एल्फर्डनं वल्हं उंच केलं.

"मासे नकोत, धन्यवाद!" तिकडून हाक आली.

एल्फर्डच्या होडीत एकही मासा नव्हता.