अस्वलाने चावलेला कमठा

मित्रांनो, माझ्या वरच्या टोकाशी दातांच्या खुणा दिसतात ना, त्या अस्वलाच्या आहेत. बोट घालून बघा हवं तर, मला आता दुखत नाही. मी एक जुना कमठा आहे, तीरकमठ्यातला. आज सकाळपासून घरामागच्या कुंपणाला टेकून उन्हात उभा आहे, कारण आज मला निरोप द्यायचा आहे.

जपानच्या उत्तरेकडे राहणाऱ्या आमच्या आयनू लोकांत मोडकी वस्तू कोणी उकिरड्यावर फेकत नाही. तिच्यात जीव असतो. तिला दारूचे चार थेंब द्यायचे, तिचे आभार मानायचे आणि देवांच्या गावी परत पाठवायचं, अशी आमची रीत. तसं केलं नाही तर तो जीव बिचारा इथेच अडकून पडतो.

मला माझ्या धन्याने, इसोनाशने घडवलं. तेव्हा तो तरणाबांड होता आणि तोंडाचा फार फटकळ. माझं लालसर, चिवट लाकूड तासताना म्हणायचा, "वाकडा निघालास तर चुलीत घालीन बघ." आणि लगेच अंगावरून हात फिरवायचा. मला ओल लागू नये म्हणून त्याने रानचेरीची साल गुंडाळली.

वसंतात बर्फ घट्ट झाला की आम्ही अस्वलाकडे जायचो. शिकारीला चाललो, असं तो कधीच म्हणाला नाही. अस्वल म्हणजे देव. मांस आणि कातडं घेऊन तो माणसांकडे पाहुणा येतो, आणि विषारी मुळाचा लेप लावलेला आमचा बाण म्हणजे त्याला आमंत्रण. या पाहुण्याला दारातून नाही, पूर्वेच्या खिडकीतून आत घ्यायचं आणि मानाच्या जागी बसवायचं. त्या दिवशी माझंही गावभर कौतुक व्हायचं. पण मला आवडायचं ते वेगळंच. इसोनाश स्वतः जेवायच्या आधी माझी दोरी उतरवायचा आणि म्हणायचा, "दमलास. पाठ सैल कर."

गेल्या वसंतात भलंमोठं अस्वल समोर आलं. इसोनाश आता म्हातारा झालाय, नेम पूर्वीसारखा राहिला नाही. बाण लागला, पण खांद्यात, आणि विष चढायला वेळ लागतो. तेवढ्यात ते धूड अंगावर आलं. इसोनाशने मला आडवा धरून त्याच्या जबड्यात कोंबलं. माझी दोरी तुटली, अंगाला उभी चीर गेली. पण मी सुटलो नाही. थोड्या वेळाने अस्वल मला तोंडात धरूनच खाली बसलं आणि शांत झालं.

तेव्हाच मला निरोप द्यायला हवा होता. इसोनाशने काय करावं? चिरेवर सालीच्या पट्ट्या बांधल्या आणि मला खुंटीला टांगलं. उन्हाळा गेला, साल्मन मासे नदी चढून आले. माझ्यावर धुराची पुटं चढली. ना काम, ना परतीची वाट. फार कंटाळलो मी.

एकदा मासे सुकत घालताना त्याची बायको पिरकामात म्हणाली, "अहो, त्याला का अडकवून ठेवलंय?"

"दुरुस्त करतोय."

"फाटलेलं लाकूड कधी सांधतं का? सरळ सांगा ना, त्याला पाठवलं की तुमचं डोंगर चढणं संपलं, म्हणून जिवावर आलंय."

"तू गप बस गं."

"नाही बसणार. त्याच्यामुळे तुम्ही माझं डोकं खायला शिल्लक राहिलात. आणि त्यालाच टांगून ठेवताय? त्याला जाऊ द्या घरी."

इसोनाशने हातातला मासा दांडीवर टांगला. मग म्हणाला, "दारूसाठी राळा भिजत घाल."

मित्रांनो, तुमच्या वस्तूंना काम झाल्यावर जरा विसावा देत जा. मोडल्या तर टाकण्याआधी एकदा हातात घ्या, दोन शब्द बरे बोला. आणि माया आहे म्हणून त्यांना खुंटीवर कुजवू नका.

तो बघा, आलाच इसोनाश. दारूचे थेंब माझ्यावर शिंपडतोय. मला म्हणतोय,

"वर गेलास की आपली सगळी अस्वलं भेटतील. त्यांना माझा नमस्कार सांग. तो चावरा भेटला तर भांडू नकोस त्याच्याशी. पाहुणा होता तो आपला."

पिरकामात हसते आणि डोळे पुसते.

आता त्याची बोटं माझ्या टोकाशी आली आहेत. दोरी तर अस्वलाने चावलं तेव्हाच तुटली. तरी तो ती सावकाश उतरवल्यासारखं करतो.

"दमलास," म्हणतो. "पाठ सैल कर."